परसबागेला करवंदीचं जिवंत कुंपण



परसबाग लावणं सोपं, राखणं अवघड. रात्रीत शेळी शिरली की मेथी, पालक, वांगी साफ! म्हणून दरवर्षी आपण बाभळी-बोरीच्या फांद्या तोडून, डोक्यावर वाहून आणतो आणि कुंपण घालतो. वर्षभरात ते वाळून मोडतं किंवा वाळवी खाते. पुन्हा तीच मेहनत. यावर आपल्या डोंगरातच उपाय आहे, तो म्हणजे करवंद.

करवंदीचं झुडूप बारमाही हिरवं, दाट आणि काटेरी असतं. त्यात चीक असतो, त्यामुळे जनावरं सहसा तोंड लावत नाहीत. मुरमाड, हलक्या जमिनीतही ते वाढतं. एकदा मूळ धरलं की वरून पाणी लागत नाही. मात्र पाणी साचणारी जागा त्याला चालत नाही.

रोपं घरीच करा

जंगलातलं झुडूप उपटून आणू नका. ते सहसा जगत नाही आणि डोंगरही उजाड होतो. सध्या करवंदं पिकली आहेत. वाटीभर चांगली पिकलेली फळं घ्या, बिया काढून धुवा आणि एक-दोन दिवस सावलीत सुकवून लगेच पेरा. बी ठेवून दिलं तर उगवत नाही. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना खाली भोकं पाडा, माती आणि कुजलेलं शेणखत भरा, प्रत्येकीत दोन-तीन बिया टाका. पिशव्या सावलीत ठेवा. रोपं पुढच्या पावसाळ्यात लावायला तयार होतील.

किती रोपं लागतील?

एक गुंठ्याची चौरस बाग म्हणजे साधारण ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद. चारही बाजू मिळून १३२ फूट. दोन फुटांवर एक रोप धरलं तर ६६ रोपं. काही मरतात, म्हणून ८० करा.

लागवड आणि निगा

पहिला चांगला पाऊस झाला की फूटभर खोल खड्डा घ्या, शेणखत टाका, रोप लावा. बांध सामाईक असेल तर आधी शेजारच्या ताईंशी बोलून घ्या. पायवाटेपासून तीन फूट आत लावा, मुलांना काटे लागायला नकोत. पहिली दोन वर्षं बाहेरून काट्याचं कुंपण राहू द्या आणि उन्हाळ्यात पाणी घाला. रोप गुडघाभर झालं की शेंडा खुडा, म्हणजे खालून फांद्या फुटतात आणि शेळीला शिरायला फट राहत नाही.

पुढची छाटणी फळं उतरल्यावर, पावसाच्या सुरुवातीला करा. फुलं फांद्यांच्या टोकाला येतात. हिवाळ्यात छाटलं तर त्या वर्षीची करवंदं गेली म्हणून समजा.

पाखरांचाही वाटा

पांढऱ्या सुवासिक फुलांवर मधमाश्या, फुलपाखरं येतात. त्यांच्यामुळेच आपल्या भोपळ्याला, दोडक्याला, कारल्याला फळ धरतं. काटेरी जाळीत बुलबुल घरटं करतो आणि पिल्लांना किडे, अळ्या भरवतो. म्हणून फळं तोडताना थोडी पाखरांसाठी सोडा.

“साप येतील का?” असं बऱ्याच जणी विचारतात. कुठल्याही दाट कुंपणाखाली पालापाचोळा साचला तर धोका असतोच. बुंधा झाडून स्वच्छ ठेवा. फळं तोडण्याआधी काठीने जाळी हलवा.

गटासाठी

कच्च्या करवंदांचं लोणचं, पिकलेल्यांचं सरबत आणि जॅम होतो. एका घरची फळं घरातच संपतात. पण दहा घरांची कुंपणं फळाला आली तर गटाला विकण्याइतका माल जमतो, तोही डोंगर न तुडवता. पुढच्या बैठकीत पिशव्या कोण जमवणार, बिया कोण आणणार, एवढं ठरवा. बिया आत्ताच मिळतील, पाऊस लागला की करवंदं संपली.