तुळई कापण्यापूर्वी

अमेरिकेच्या ईशान्येस, न्यू इंग्लंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत शेतकऱ्यांनी उभारलेली लाकडी सांगाड्याची कोठारे, ज्यांना तिकडे ‘बार्न’ म्हणतात, अद्याप पुष्कळ उभी आहेत; आणि त्यांतील गुरे व वैरण बहुतेक ठिकाणी केव्हाच नाहीशी झाल्यामुळे तेथे सुतारकामाचा कारखाना थाटण्याची हौस अनेकांना असते. तशीच हौस बाळगणाऱ्या आमच्या भाच्याबरोबर व्हरमाँटमधील अशा एका कोठारात शिरताना माझे कपाळ गुरांच्या खणावरील माळ्याच्या एका दांड्यावर आदळले, आणि भाच्याने तत्काळ करवतीची भाषा सुरू केली. उंची वाढवण्याच्या या उद्योगाविषयी जे समज रूढ आहेत, त्यांची छाननी करण्याची बुद्धी मला त्या टेंगळानेच दिली.

गैरसमज : जे लाकूड डोक्याला लागते ते निरुपयोगी, ते कापून टाकावे.

वस्तुस्थिती : लाकडे दिसण्यात सारखी असली, तरी हुद्द्याने सारखी नसतात. यांतला जुना प्रकार, ‘इंग्लिश बार्न’, साधारणतः 30 फूट रुंद, 40 फूट लांब आणि तीन खणांचा असतो : मधला खण मळणीचा व गाडी आत घेण्याचा, एका बाजूस वैरण, दुसऱ्या बाजूस गुरे, आणि गुरांच्या वर बुटका माळा. या माळ्याचे दांडे पुष्कळदा नुसते टेकवलेले असतात व ते उतरवल्याने इमारतीचे सहसा फारसे बिघडत नाही. मात्र समोरासमोरच्या खांबांना जखडणाऱ्या तुळईची गोष्ट निराळी. छपराचे वासे स्वतःच्या आणि हिवाळ्यात वर साचणाऱ्या बर्फाच्या भाराने भिंतींना सतत बाहेर रेटत असतात. आढ्याला स्वतंत्र आधार नसेल आणि छपराची उभी उंची रुंदीच्या चतुर्थांश असेल, तर हा रेटा छपरावरील एकूण भाराच्या निम्मा भरतो, आणि तो सारा तुळईच ओढून धरते. ती कापली म्हणून छप्पर कदाचित त्याच दिवशी कोसळणार नाही. परंतु काही हिवाळ्यांनंतर आढे खचलेले आणि भिंती बाहेर झुकलेल्या दिसतील.

गैरसमज : तुळई हवीच असेल, तर ती वर सरकवावी; काम तेच होईल.

वस्तुस्थिती : छपराच्या निम्म्या उंचीवर नेलेल्या तुळईवर ताण दुप्पट येतो, आणि शिवाय पूर्वी सरळ राहिलेले वासे वाकू लागतात. आढ्याखाली खांबांवर पेललेली भक्कम तुळई घातल्यास रेटा मुळातच नाहीसा करता येतो; पण ही तजवीज अभियंत्याने कागदावर हिशेब मांडून करावी, सुताराने अंदाजाने नव्हे.

गैरसमज : वर जागा नसेल, तर जमीन खोदावी.

वस्तुस्थिती : या कोठारांचा पाया बहुधा चुन्यावाचून रचलेल्या दगडांचा आणि उथळ असतो, तर तेथील थंडीत जमीन चार-चार फूट खोल गोठते व गोठताना फुगते. पायालगत आतून खोदले, की दगडांचा बाजूचा आधार जातो आणि गोठण पायाखाली शिरण्यास वाट मिळते. त्याआधी मळणीच्या फळ्यांखाली मोजपट्टी घालून पाहावे. तेथे फूट-दीड फूट पोकळी असेल, तर तेवढी उंची कुदळ न उचलताही मिळू शकते.

गैरसमज : एवढी जुनी इमारत उचलता येत नाही.

वस्तुस्थिती : एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमधील कित्येक शेतकऱ्यांनी आपली उभी कोठारे उचलून, प्रसंगी जागेवरून हलवून, त्यांखाली खतासाठी तळघरे बांधली. नेब्रास्का राज्यातील ब्रूनो या खेड्यात तर 1988 च्या जुलै महिन्यात 344 माणसांनी एक अख्खे कोठार, पोलादी नळ्यांच्या चौकटीच्या साहाय्याने, हातांनी उचलून शंभराहून अधिक फूट दूर आणि सहा फूट वर नेऊन ठेवले. हल्ली हे काम जॅक आणि आडव्या-उभ्या रचलेल्या ओंडक्यांच्या चवडी करतात. प्रत्येक जॅक पाळीपाळीने थोडाथोडा चढवायचा, म्हणजे खाचेत बसलेली कुसवे आणि त्यांतल्या लाकडी खुंट्या हिसका न बसता वर येतात. सांगाड्याचे एकही लाकूड न कापता उंची मिळते, आणि जमिनीलगतचे कुजलेले आडवे लाकूड बदलण्याची संधीही त्याच वेळी साधते. अट एवढीच की खाली बांधायची नवी भिंत पक्की, सळयांची असावी व सांगाडा तिला बोल्टांनी जखडलेला असावा. एरवी जुने-नवे जेथे भेटतात, तेथे बिजागरी निर्माण होऊन सारी इमारत वाऱ्याने कलंडू शकते.

हे सर्व ऐकल्यावर भाच्याने करवत ठेवून खडू घेतला. आठ फूट लांब प्लायवूडचा तक्ता उभा करता यावा एवढीच त्याची गरज होती, आणि तीही सर्वत्र नव्हे. जे लाकूड नुसते टेकलेले त्यावर फुली, जे खुंटीने जखडलेले त्यावर वर्तुळ, असा त्याने गुरांच्या खणाचा जाबताच तयार केला, आणि अभियंत्याची तपासणी होऊन परवाना मिळेपर्यंत एकाही फुलीला हात लावायचा नाही, असे ठरवले. फुल्या चौदा निघाल्या, वर्तुळे दोन. माझ्या कपाळाला भेटलेल्या दांड्यावर फुली होती.