खाशाबांचे पदक: ऐकीव आणि खरे

वाठारच्या नाक्यावर असो की कराडच्या एसटी स्टँडवर, खाशाबा जाधवांचा विषय निघाला की कुणीतरी ठासून सांगतोच, स्वतंत्र भारताला पहिले ऑलिंपिक पदक त्यांनीच मिळवून दिले. तसे नाही. १९४८ साली लंडनमध्ये आपल्या हॉकी संघाने यजमान ब्रिटनला ४-० ने हरवून सुवर्ण जिंकले होते. खाशाबांचे १९५२ चे हेलसिंकीतले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. दुसऱ्याच दिवशी हॉकी संघाने तिथे पुन्हा सुवर्ण पटकावले. मग देशभर गाजावाजा कुणाचा झाला असेल, ते सांगायला नको. पुढचे वैयक्तिक पदक थेट १९९६ साली, लिएंडर पेसचे.

तांबड्या मातीतला गडी एकदम मॅटवर उतरला आणि पदक घेऊन आला, हेही खरे नाही. मॅटची सवय नसताना ते लंडनला खेळले होते आणि फ्लायवेट गटात सहावे आले होते. हेलसिंकीला ते वरच्या गटात, म्हणजे ५७ किलोत उतरले. पैलवान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महाराष्ट्र केसरीचा धिप्पाड देह उभा राहतो. गोळेश्वरचा हा पैलवान चणीने लहान होता. ताकदीपेक्षा चपळाई हे त्यांचे भांडवल आणि ढाक हा हुकमी डाव. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी हरवले.

सर्वांत चिवट समज सुवर्णाचा. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही. दाद मागायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. दमलेल्या खाशाबांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव्हने हरवले, असे सांगतात. अन्याय झालाच. पण त्याआधीची लांबलेली कुस्ती ते जपानच्या शोहाची इशीशी हरले होते आणि सुवर्ण इशीनेच नेले. तेव्हा एका अधिकाऱ्याच्या गैरहजेरीने सुवर्ण हुकले, असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

पदकानंतर त्यांना कुणी विचारले नाही, ही तक्रार मात्र अर्धीच खोटी. गावाने दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक काढली. सरकारदरबारचे म्हणाल तर १९५५ साली ते मुंबई पोलिसांत फौजदार झाले. आपल्याकडे अर्जुन पुरस्कार १९६१ पासून दिला जातो. खाशाबांच्या नावे तो जाहीर व्हायला २००० साल उजाडले. १९८४ मध्येच अपघाताने त्यांचे निधन झाले होते.

आणि पैसे? लंडनच्या वेळी कोल्हापूरच्या महाराजांनी मदत केली होती. हेलसिंकीसाठी गावाने वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हे दान होते असे अनेकांना वाटते. खाशाबांनी ते कर्ज मानले. परतल्यावर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः लढले आणि जमलेल्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले.