सालसा क्लबमध्ये एकटीने जायचं असेल तर

तर मंडळी, बऱ्याच जणींनी विचारलंय, "न्यूयॉर्कच्या सालसा क्लबमध्ये एकटीने गेलं तर चालतं का?" चालतं की! इथे जोडीदार एका गाण्यापुरता असतो. हात पुढे करायचा, चार-पाच मिनिटं नाचायचं, थँक यू म्हणून मोकळं व्हायचं. नको असेल तर सरळ नाही म्हणा, कारण द्यायची गरज नाही. हे मुद्दाम सांगतेय, कारण नाही म्हणताना आपल्याला उगाच अपराधी वाटतं. आणि नाही म्हटल्यावरही कुणी हात ओढला, तर तिथल्या स्टाफला सांगायचं, लाजायचं नाही.

खरी गोची तालाची. मोजायचं आठपर्यंत, पावलं १-२-३ आणि ५-६-७ वर, ४ आणि ८ मोकळे. न्यूयॉर्कमध्ये दिशा बदलणारं पाऊल दोनवर पडतं, म्हणून 'ऑन टू'. एडी टोरेस यांनी ही पद्धत शिकवून शिकवून रुळवली. मुळं मात्र पॅलेडियम बॉलरूमच्या मॅम्बोत, आणि ते तर १९६६ मध्येच बंद झालं. लॉस एंजेलिसवाले सहसा 'ऑन वन' नाचतात. दोघं समोरासमोर आले की पायावर पाय ठरलेला! म्हणून आधीच विचारून घ्या.

दोन सापडत नसेल तर कोंगा ऐका. त्याची चापट नेमकी तिथेच पडते. तबला-ढोलकीवर वाढलेल्या कानाला ती पटकन सापडते, असं आपलं माझं मत.

हो, आणि रबरी तळव्याचे बूट नकोत. गिरकी घेताना पाय जमिनीला चिकटतो आणि पीळ बसतो तो गुडघ्याला.