पळस्पे फाट्यावरचा शोधनिबंध

शालेय शोधनिबंध बहुतेक वेळा विषय निवडतानाच फसतो. ‘वाहतूक समस्या’ किंवा ‘प्रदूषण’ असा ऐसपैस विषय घेतला की इंटरनेटवरून उतरवून काढण्यापलीकडे विद्यार्थ्याच्या हाती काही उरत नाही. पनवेलजवळच्या पळस्पे परिसरातील नववीच्या मुलांना मात्र विषय घराजवळच सापडतो. जुना मुंबई-पुणे महामार्ग, गोव्याकडे जाणारा महामार्ग आणि जवाहरलाल नेहरू बंदराचा रस्ता पळस्प्याला एकत्र येतात. ‘शाळेच्या दिवशी सकाळी आठ ते नऊ या वेळेत गोव्याकडे वळणाऱ्या वाहनांत अवजड वाहने किती?’ हा प्रश्न लहान आहे. पण तो मोजूनच सोडवावा लागतो, आणि हेच त्याचे बळ.

मोजणीआधी वाचन हवे. जुन्या नोंदींत हे महामार्ग ४ आणि १७ क्रमांकांनी येतात. २०१० च्या फेररचनेनंतर त्यांचे क्रमांक ४८ आणि ६६ झाले. हे ठाऊक नसेल तर जुनी बातमी भलत्याच रस्त्याची वाटते. गॅझेटियरचेही तसेच. पनवेल आज रायगड जिल्ह्यात असले, तरी त्याचे ब्रिटिशकालीन वर्णन १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शोधावे लागते. वाचलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे पुस्तकाचे नाव, वर्ष आणि पान तिथल्या तिथे टिपावे. शेवटच्या रात्री संदर्भ जुळवणे म्हणजे निव्वळ मनस्ताप!

मोजणीसाठी रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागा निवडावी आणि मोठे माणूस सोबत असावे. वहीत दुचाकी, मोटार व रिक्षा, बस व ट्रक असे रकाने आखून दर पंधरा मिनिटांना नवी ओळ सुरू करावी. दोघांनी स्वतंत्रपणे मोजून आकडे ताडून पाहिले तर चुका लगेच कळतात. दिवसाची निवडही महत्त्वाची. गणपतीच्या आदल्या आठवड्यात चाकरमान्यांच्या गाड्यांनी कोकणची वाट भरून वाहते. त्या दिवसांचा आकडा वर्षभराचा म्हणून मांडता येत नाही. निरनिराळ्या वारी, त्याच वेळेला मोजणी पुन्हा करावी.

खरा अभ्यास आकड्यांचा अर्थ लावताना सुरू होतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण महामार्गांसाठीच्या निकषांत मोटारीचा भार १ धरतात, दुचाकीचा ०.५ आणि ट्रक किंवा बसचा ३. समजा, तासाभरात १०० दुचाकी आणि २० ट्रक गेले. संख्येने दुचाकी पाचपट. पण भार काढला तर दुचाकींचा ५० आणि ट्रकांचा ६०. एवढ्या एका गुणाकाराने निष्कर्ष उलटतो. त्यामुळे कोणते माप वापरले आणि का, हे निबंधात स्पष्ट लिहिलेच पाहिजे. फाट्यावरच्या दुकानदारांशी किंवा रिक्षाचालकांशी बोलून आकड्यांमागची कारणे कळतात, मात्र ते त्यांचे मत म्हणूनच नोंदवावे.

लेखनाचा क्रम सरळ ठेवावा: प्रश्न, आधीची माहिती, पद्धत, निरीक्षणे, निष्कर्ष आणि मर्यादा. मर्यादांचा परिच्छेद मुले लाजून गाळतात. वास्तविक ‘रात्रीची वाहतूक मोजलेली नाही’ या वाक्याने निबंधावरचा विश्वास वाढतो. पहिला खर्डा सादरीकरणाआधी निदान पंधरा दिवस शिक्षकांना दाखवावा, म्हणजे एखादी मोजणी पुन्हा करायला वेळ उरतो. असा प्रकल्प पुढे राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसारख्या उपक्रमातही मांडता येतो. तिथे परीक्षक प्रश्न विचारतात, तेव्हा खाडाखोड असलेली मोजणीची मूळ वही सोबत न्यावी.