घाट, घड्याळ आणि उद्याचा दिवस

बुलढाणा जिल्ह्यात कुणी गाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: घाटावरचं की घाटाखालचं? चिखली-खामगाव रस्त्यावरचं अमडापूर घाटावरचं. अजिंठ्याच्या रांगेतलं हे पठार आणि खाली पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन यांच्यात उंचीचा सुमारे तीनशे मीटरचा फरक आहे. कापूस-सोयाबीनच्या गाड्यांना हा चढ त्रासाचा वाटतो. अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीला मात्र नेमका असाच मुलूख लागतो: सपाटी, चढ, उतार आणि मध्ये वस्तीची गावं. म्हणून या खेळाचा आढावा अमडापूरच्या रस्त्यावरून घ्यायला हवा.

निमित्त ताजं आहे. १९ ते २३ जानेवारी २०२६ या पाच दिवसांत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ झाली. सुरुवातीची ७.५ किलोमीटरची छोटी दौड, मग चार टप्पे, एकूण ४३७ किलोमीटर. न्यूझीलंडचा ल्यूक मडग्वे विजेता ठरला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या, म्हणजे यूसीआयच्या, २.२ दर्जाची भारतातली ही पहिली शर्यत. यातला पहिला आकडा शर्यत अनेक दिवसांची असल्याचं सांगतो, दुसरा तिची श्रेणी. २.२ ही तळाची पायरी आहे, पण तिथूनच क्रमवारीचे गुण मिळायला लागतात, आणि ऑलिंपिकचा दरवाजा अशाच गुणांनी उघडतो. आजवर आपल्या मुलांना हे गुण मिळवायला बहुतेक वेळा परदेशी जावं लागे. ते घराजवळ आले, ही या शर्यतीची खरी कमाई.

अशी शर्यत बाहेरून दिसते तशी नसते. रोज सर्वांत आधी पोहोचणाराच शेवटी जिंकतो असं नाही. प्रत्येक टप्प्याला लागलेला वेळ जोडत जातात आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजेता. एकही टप्पा न जिंकता अख्खी शर्यत जिंकता येते, आणि चार दिवस उत्तम चालवून पाचव्या दिवशी सगळं घालवताही येतं. शेगावहून पंढरपूरला पायी निघालेला वारकरी पहिल्याच मुक्कामाला पाय संपवत नाही. इथला खेळाडूही आजचा जोर उद्याकडे बघून लावतो. शेवटच्या क्रमांकावर असलेल्यालाही सवलत नाही. त्या दिवशीच्या विजेत्याच्या वेळेत ठरावीक टक्के मिळवून मुदत ठरते. ती चुकली की दुसऱ्या दिवशी सुरुवातीच्या रेषेवर उभं राहता येत नाही.

दुसरं गणित वाऱ्याचं. सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं तर साधारण एक तृतीयांश श्रम वाचतात. म्हणून शंभर-दीडशे जण घोळक्यानं धावतात, आणि म्हणूनच वैयक्तिक दिसणारा हा खेळ मुळात संघाचा आहे. संघाचा एक नायक असतो; बाकीचे आळीपाळीनं त्याच्या पुढे राहून वारा अंगावर घेतात, मागच्या गाडीतून पाण्याच्या बाटल्या आणतात, नायकाचं चाक पंक्चर झालं तर स्वतःचं काढून देतात. त्यांची नावं निकालाच्या वर येत नाहीत, पण त्यांच्याशिवाय आज मोठी शर्यत जिंकता येत नाही. चढ लागला की वेग कमी होतो, घोळक्याची सावली उपयोगाची राहत नाही आणि ज्याच्या-त्याच्या पायांची खरी पारख होते. शर्यतीचा निकाल बहुधा घाटात लागतो तो यामुळे.

तिसरं गणित शरीराचं. जोरात चालवलं तर स्नायूंतला साखरेचा साठा दोनेक तासांत आटतो. त्यामुळे सायकलवर बसल्या-बसल्याच खावं लागतं, भूक लागण्याच्या आधी. डोंगराळ टप्प्यात एका दिवसात पाच-सहा हजार कॅलरी खर्च होऊ शकतात. रात्रीचं जेवण, मालिश आणि झोप हे उद्याच्या टप्प्याचंच काम असतं.

या प्रकाराची सुरुवात फ्रान्समध्ये १९०३ साली झाली, तीही ‘ल ऑटो’ या दैनिकाचा खप वाढवण्यासाठी. पहिल्या ‘टूर द फ्रान्स’मध्ये सहा टप्पे आणि २,४२८ किलोमीटर होते. साठ जण निघाले, एकवीस पोहोचले. विजेता मॉरिस गारँ दुसऱ्याच्या जवळजवळ तीन तास पुढे होता. १९८९ मध्ये तीन हजारांहून अधिक किलोमीटरनंतर ग्रेग लेमाँडनं लॉराँ फिन्याँला फक्त आठ सेकंदांनी हरवलं. तीन तासांचं अंतर आठ सेकंदांवर आलं, ते शास्त्र, संघबांधणी आणि दरवर्षी होणाऱ्या शर्यतींमुळे.

आपल्याकडे चिवटपणाची कमतरता कधीच नव्हती. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत आणि सांगलीच्या मुलांचा तिथे दबदबा असे. २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघानं नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. असं करणारा तो पहिला भारतीय संघ. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि आमच्या विदर्भातले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्यानं, बारा दिवसांच्या मुदतीत पार केली. पुढच्या वर्षी समर्थांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही १५ टप्प्यांची, नऊ हजार किलोमीटरहून लांब शर्यत पुरी केली.

ही कामगिरी थोर आहे, पण तिचा प्रकार वेगळा आहे. अमेरिकेतल्या शर्यतीत घड्याळ रात्रीही थांबत नाही. तिथे झोपेशी आणि स्वतःशी झुंज असते. व्यावसायिक टप्पा-शर्यतीत झुंज घोळक्याशी असते. दुसऱ्याच्या चाकामागे वीतभर अंतर ठेवून ताशी पन्नासनं जाणं, वळणावर जागा राखणं, हल्ला कधी करायचा ते ओळखणं, हे एकट्यानं हजारो किलोमीटर चालवून येत नाही. ते फक्त शर्यतीत उतरून येतं. पुण्यात आघाडीवर परदेशी नावं दिसली, त्याचं कारण हेच. आपल्या मुलांच्या पायांत ताकद आहे, पण वाट्याला पुरेशा शर्यती नाहीत.

मोठी शर्यत वर्षातून एकदा येते आणि पाच दिवसांत निघून जाते. खेळाडू उरलेल्या तीनशे साठ दिवसांत घडतो. युरोपात तो गावच्या क्लबात, रविवारच्या शर्यतींत घडला. आपल्याकडे सायकल खेड्यात आहेच. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर मुली गावोगावहून शाळेला जातात. रोज सायकल मारणाऱ्या अशा मुला-मुलींना शर्यतीची वाट कुणी दाखवलेली नाही.

ती दाखवायला फार मोठा पैसा लागत नाही. तीन दिवसांची जिल्हा शर्यत आखता येईल. पहिला दिवस सिंदखेडराजाहून चिखलीपर्यंत पठारावरचा. दुसरा चिखलीहून अमडापूरमार्गे खामगाव, शेगावकडे उतरणारा. तिसरा मोताळ्याहून राजूर घाट चढून बुलढाण्यात संपणारा. साध्या सायकलींचा गट वेगळा, मुलींचा वेगळा. वेळ मोजणारे शिक्षक, वाहतूक थांबवणारे पोलीस, एक रुग्णवाहिका, आणि प्रत्येक गावात पाणी देणारं एखादं गणेश मंडळ. हेल्मेटची सक्ती आणि खड्डे आधी बुजवण्याची अट मात्र कडक हवी.

जिल्हा परिषद, क्रीडा कार्यालय आणि चिखली-अमडापूर परिसरातल्या शाळांना विनंती आहे: येत्या हिवाळ्यात एवढी एक शर्यत घ्या, आणि मग दरवर्षी घ्या. पुण्याच्या शर्यतीला पुढच्या काळात मराठी विजेता हवा असेल, तर त्याची पहिली शर्यत त्याच्या स्वतःच्या तालुक्यात झाली पाहिजे.