सिनेमा जपणारी थंडी

जुन्या फिल्मचा पत्र्याचा डबा उघडला की कधीकधी व्हिनेगरचा उग्र वास नाकात शिरतो. आत रीळ आखडलेलं, कडा वाकलेल्या, थर एकमेकांना चिकटलेले. अ‍ॅसिटेट फिल्म उष्णता आणि दमटपणाने विघटित होऊ लागली की त्यातून अ‍ॅसिटिक आम्ल सुटतं आणि तेच आम्ल उरलेल्या फिल्मचा नाश आणखी वेगाने करतं. एकदा सुरू झालेली ही क्रिया उलटवता येत नाही, फक्त मंदावता येते. तिच्यावरचा उतारा एकच: कोरडी थंडी.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचं काम या थंडीवर चालतं. १९६४ मध्ये ते स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी ते आकाराला आणलं. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ आणि ‘कालिया मर्दन’ची उरलीसुरली रिळं त्यांच्यामुळेच हाती आली. ‘आलम आरा’ची मात्र एकही प्रिंट आज उपलब्ध नाही. भारताचा पहिला बोलपट आपण गमावून बसलो आहोत.

रंगीत फिल्मला जास्त थंडी लागते. तिच्यातले रंग अंधारातही फिके होतात. निळसर छटा आधी उडते, म्हणून जुन्या प्रिंट लालसर दिसतात. गोठणबिंदूच्या आसपास ठेवलेली फिल्म मात्र पिढ्यानपिढ्या टिकते. ती बाहेर काढायची तर थेट उघडायची नाही. बंद डबा आधी मधल्या तापमानाच्या खोलीत तासन्‌तास ठेवायचा, नाहीतर हवेतलं बाष्प थंडगार फिल्मवर दवासारखं जमतं.

नायट्रेट फिल्मचा धोका निराळा. ती स्वतःच्याच ऑक्सिजनवर जळते, पाण्याखालीसुद्धा. २००३ च्या जानेवारीत पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या व्हॉल्टला आग लागली आणि मूकपटांच्या व सुरुवातीच्या बोलपटांच्या काळातला मोठा ठेवा राख झाला.

डिजिटल प्रत काढली की मूळ फिल्म टाकून द्यावी, असं म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. उद्या अधिक चांगलं यंत्र येईल आणि त्याच निगेटिव्हमधून आज न दिसणारा तपशील निघेल. त्यासाठी मूळ शाबूत हवं. म्हणून शीतगृहाचं वीजबिल, त्याची देखभाल आणि रिळं तपासणारे जाणते हात हा सरकारने कायम उचलायचाच खर्च आहे. तो थकला तर आणखी चित्रपट ‘आलम आरा’च्या वाटेने जातील.