असईच्या माळावरून दिसणारी चित्रं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बरीच वर्षं मी भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवली. एलिमेंटरी, इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसायची, त्यामुळे स्मरणचित्राचा सराव सतत चालायचा. एकदा सातवीच्या मुलांना घेऊन आम्ही असईला गेलो. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात, जालना जिल्ह्यातलं हे लहानसं गाव. इथे इंग्रजांशी मोठी लढाई झाली होती, एवढं मुलांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर विषय लिहिला, 'लढाई'.

मुलांनी घोडे काढले, तलवारी काढल्या, तोफा काढल्या. दोघातिघांनी तर रणगाडे आणि विमानंही काढली. एका मुलीनं मात्र बैलगाडी काढली. गाडीत गाठोडी, मडकी आणि एक म्हातारी. मागे शेळी, आणि कडेवर लेकरू घेऊन चालणारी बाई. मी विचारलं, "यात लढाई कुठं आहे?" ती म्हणाली, "सर, लढाई आली म्हणून गावातली माणसं निघालीत." मी तिला दहापैकी चार गुण दिले आणि खाली शेरा मारला, 'विषय सोडून'.

तिच्या घरची माणसं दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायची. मुकादमाची उचल घेतलेली असायची, घराला कुलूप लागायचं. गाठोडी बांधून गाव सोडणं कसं दिसतं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते त्या वेळी माझ्या ध्यानात आलं नाही. पुढे एका चित्रानं ते ध्यानात आणून दिलं. आज युद्धाला आणि अन्यायाला विरोध करणाऱ्या चित्रांविषयी बोलायचं आहे, म्हणून सुरुवात या चार गुणांपासून केली.

आधी असईची लढाई थोडक्यात सांगतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी इथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा ईस्ट इंडिया कंपनीच्या आर्थर वेलस्लीसमोर उभ्या ठाकल्या. कंपनी जिंकली. शिंद्यांच्या ९८ तोफा तिच्या हाती पडल्या. पण तिचीही दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांत देशी शिपाई पुष्कळ होते. जखमींना अजिंठ्याच्या गढीत हलवण्यात आलं. एवढा मोठा विजय मिळणार असला, तरी अशी हानी पुन्हा पाहायची आपली इच्छा नाही, असं खुद्द वेलस्लीनं नंतर लिहून ठेवलं.

या लढाईची चित्रं इंग्लंडात निघाली. त्यांत घोड्यावरचा सेनापती आहे, उगारलेल्या तलवारी आहेत, पळणारा शत्रू आहे. असई गावातल्या माणसांचं त्या दिवशी काय झालं, हे अशा चित्रांतून कळत नाही. यात नवल काही नाही. शतकानुशतकं युद्धाची चित्रं अशीच काढली गेली, कारण चित्राचे पैसे राजा देई, नाहीतर सेनापती देई. पैसे देणारा चित्राच्या मधोमध बसे. आणि पाहणाराही नकळत त्याच्या बाजूनं युद्धाकडे पाहू लागे.

आता हाच वेलस्ली आपल्याला स्पेनमध्ये घेऊन जातो. १८०८ साली नेपोलियनच्या फौजा स्पेनमध्ये घुसल्या आणि त्यांच्याशी लढायला इंग्लंडनं याच सेनापतीला पाठवलं. पुढे तो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला. १८१२च्या ऑगस्टमध्ये तो माद्रिद शहरात शिरला, तेव्हा तिथल्या एका चित्रकारानं त्याचं व्यक्तिचित्र काढलं. लाल गणवेश, छातीवर पदकं. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चित्रकाराचं नाव फ्रान्सिस्को गोया. तो दरबारी चित्रकार होता, सेनापतींची चित्रं काढणं हे त्याचं कामच होतं.

पण त्याच वर्षांत गोया दुसरंही काही करत होता. तांब्याच्या पत्र्यावर मेणासारखा थर द्यायचा, सुईनं त्यावर चित्र ओरखडायचं आणि पत्रा आम्लात बुडवायचा. उघड्या पडलेल्या रेषा आम्ल खातं. त्या खाचांत शाई भरून कागदावर छाप काढायचा. या पद्धतीनं त्यानं युद्धाच्या अनर्थाची ८२ चित्रं केली. त्यांत छातीवर पदकं असलेला कोणी नायक नाही. झाडाला टांगलेली माणसं आहेत, भुकेनं मेलेली माणसं आहेत, शिपायांच्या तावडीत सापडलेल्या बायका आहेत. त्याच्या हयातीत ही मालिका प्रसिद्ध झाली नाही. त्यातली ८० चित्रं १८६३ साली लोकांसमोर आली, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर ३५ वर्षांनी.

या मालिकेतल्या एका चित्रात माणसं गाव सोडून पळताहेत. एक बाई घाबरून मागे वळून पाहते आहे, तिच्या कडेवर लेकरू आहे, दुसऱ्याला ती हाताला धरून ओढते आहे. एका ग्रंथालयात पुस्तक चाळताना हे पान समोर आलं आणि मला आमच्या शाळेतली ती बैलगाडी आठवली. तोफ या चित्रातही नाही. चित्राखाली गोयानं आपण हे स्वतः पाहिल्याचं नोंदवलं आहे. मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो.

गोयानं केलेला बदल म्हणाल तर एवढाच. त्यानं पाहणाऱ्याला सेनापतीच्या शेजारून उठवलं आणि पळणाऱ्या बाईशेजारी उभं केलं. १८१४ साली त्यानं माद्रिदच्या गोळीबाराचं मोठं तैलचित्र रंगवलं. त्यात शिपाई पाठमोरे आहेत, त्यांना चेहरेच नाहीत. कंदिलाचा सगळा उजेड पांढऱ्या सदऱ्यातल्या, हात वर केलेल्या एका साध्या माणसावर पडतो.

सव्वाशे वर्षांनी स्पेनच्याच पाब्लो पिकासोनं हा धागा पुढे नेला. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका या गावावर बॉम्ब टाकले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी पिकासोनं सुमारे पावणेआठ मीटर रुंदीचं चित्र रंगवलं, तेही फक्त काळ्या, पांढऱ्या आणि करड्या रंगांत. त्यात मेलेलं मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई आहे, जखमी घोडा आहे. विमान मात्र एकही नाही.

आपल्याकडे काय, असं तुम्ही विचाराल. मुंबईत, अंधेरीत, चित्तप्रसाद भट्टाचार्य नावाचे एक बंगाली चित्रकार बरीच वर्षं राहत होते. १९४२मध्ये जपाननं ब्रह्मदेश घेतला, तिकडून येणारा तांदूळ बंद झाला. बंगालमध्ये शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून सरकारनं होड्या काढून घेतल्या, धान्याचे भाव आभाळाला भिडले, आणि १९४३च्या दुष्काळात लाखो माणसं मेली. त्यांच्यावर गोळी कोणी झाडली नव्हती, तरी ते बळी बऱ्याच अंशी युद्धाचेच होते. चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात पायी हिंडले आणि समोर दिसलेली माणसं त्यांनी काळ्या शाईत काढली. त्या चित्रांचं छोटं पुस्तक निघालं, तर इंग्रज सरकारनं त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या.

पुढे त्यांनी लिनोकट हे माध्यम हाती घेतलं. जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, कोरणीनं नको तो भाग काढून टाकायचा, उरलेल्या भागावर शाई फिरवून छाप काढायचे. खर्च थोडा आणि छाप हवे तेवढे. चित्र एकाच्या दिवाणखान्यात अडकून पडत नाही. याच माध्यमात त्यांनी राबणाऱ्या मुलांची मालिका केली. नागपूरच्या सवी सावरकरांनी तर गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू बांधलेला माणूस आपल्या चित्रांत आणून उभा केला. तिथे युद्ध नाही, पण तो माणूस सरळ आपल्याकडे पाहतो आणि आपल्यालाच मान खाली घालावी लागते.

मग चित्रानं युद्ध थांबतं का? हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रामाणिक उत्तर 'नाही' असंच आहे. गेर्निकाच्या चित्रानंतर दोनच वर्षांत दुसरं महायुद्ध पेटलं. पण एक गोष्ट पाहा. या चित्राची विणलेली प्रतिकृती न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेबाहेर लावलेली असते. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री तिथे इराकविरुद्ध बाजू मांडायला आले, तेव्हा तिच्यावर निळा पडदा टाकलेला होता. दुष्काळाची चित्रं सरकारला नष्ट करावीशी वाटली, आणि साठ वर्षांनी एका आईचा आक्रोश झाकावा लागला. चित्रात काहीच बळ नसतं, तर एवढी धडपड कोणी कशाला केली असती?

असईहून अजिंठा फार लांब नाही. तिथल्या दहाव्या लेण्यात छद्दंत हत्तीची कथा रंगवलेली आहे. राणीच्या हुकमावरून शिकारी हत्तीचे सुळे कापून आणतो. सुळे समोर येतात आणि राणी मूर्च्छित होते. हुकूम देताना तिच्या डोळ्यांपुढे हत्ती नव्हता, सुळे पाहिल्यावर तो उभा राहिला. हुकूम देणाऱ्याला त्या हुकमाचं फळ दाखवणं, हे आपल्या चित्रकारांना दोन हजार वर्षांपूर्वीच सुचलं होतं.

ती मुलगी पुढच्या वर्षी शाळेत आली नाही. तिची वही माझ्याकडे नाही, त्यामुळे तो शेरा मला खोडताही येत नाही. म्हणून शिक्षकांना आणि पालकांना एकच सांगतो. एखाद्या मुलाचं चित्र विषय सोडून आहे असं वाटलं, तर गुण देण्याआधी त्याला जवळ बोलवा आणि विचारा, "बाळ, हे तू कुठं पाहिलंस?"